वार्दझिया: पुढची भिंत गळून पडलेला मठ

जॉर्जियात, वार्दझियाच्या पायथ्याशी, कुरा नदीवरचा पूल ओलांडण्याआधी थोडं थांबा आणि समोरचा कडा नीट बघा. अख्खा डोंगर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा दिसतो. एकावर एक दालनं, अर्धवट कमानी, कुठेही न जाणारे जिने, हवेत संपणाऱ्या ओसऱ्या. बहुतेक प्रवासी इथे पहिला फोटो काढतात आणि मनाशी ठरवून टाकतात, की बाराव्या शतकातल्या साधूंनी कड्याच्या तोंडावर या शेकडो गुहा कोरल्या.

हे अर्धंच खरं आहे. साधूंनी खोल्या कोरल्या त्या कड्याच्या आत. १२८३ साली या भागात मोठा भूकंप झाला, कड्याचा पुढचा भाग सुटून खाली गेला आणि आतलं घर उघडं पडलं. रस्ता रुंद करताना एखाद्या जुन्या वाड्याची पुढची भिंत पाडतात, तेव्हा रस्त्यावरून अचानक आतला जिना, माजघराचा निळा रंग, देवघराचा कोनाडा, खुंटीवर राहिलेली दिनदर्शिका असं सगळं दिसायला लागतं. वार्दझियाचं आजचं रूप तसं आहे. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली, की एरवी गोंधळात टाकणारा हा डोंगर बऱ्यापैकी वाचता येतो. हा लेख त्यासाठीच आहे.

वार्दझिया हा जॉर्जियाच्या दक्षिण टोकाला, तुर्कस्तानच्या सीमेजवळ असलेला ख्रिस्ती मठ आहे. राजधानी तिबिलिसीहून बोर्जोमीमार्गे अखाल्त्सिखे, तिथून अस्पिंद्झा आणि मग नदीच्या काठाकाठाने दरीत आत आत. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण डोंगरी रस्त्यामुळे चार-पाच तास सहज जातात. अखाल्त्सिखेहून मार्शरुत्का, म्हणजे तिकडच्या वडापसारख्या छोट्या गाड्या मिळतात. त्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी. वाटेत दोन नद्यांच्या संगमावर खेर्त्विसीचा किल्ला लागतो, पुढे उंच सुळक्यांवर त्मोग्वी किल्ल्याचे अवशेष दिसतात. हे किल्ले नुसते बघून पुढे जाऊ नका. मठ इथेच का झाला, याचं निम्मं उत्तर त्यांच्यात आहे.

दरीच का?

एकांत हवा म्हणून साधू दुर्गम जागी जातात, हे उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. बाराव्या शतकात ही दरी जॉर्जियन राज्याची दक्षिणेकडची वेस होती. पलीकडे सेल्जुक तुर्कांची सत्ता. नदीच्या खोऱ्यातून सैन्य वर येऊ शकत होतं, म्हणून खोऱ्याच्या तोंडाशी आणि वळणांवर किल्ले होते. राजा तिसरा गिऑर्गी याच्या कारकिर्दीत, म्हणजे ११५६ ते ११८४ च्या दरम्यान, वार्दझियाची आखणी झाली आणि पहिली दालनं खोदली गेली. त्याची मुलगी तामार हिने काम पुढे नेलं. तामार राज्य करायची ती ‘मेपे’ या पदवीने. जॉर्जियन भाषेत राज्यकर्त्यासाठी हा एकच शब्द आहे, म्हणून कागदोपत्री ती राणी नव्हे, राजाच होती. तिच्या काळात, १२०३ च्या सुमारास सेल्जुकांविरुद्ध झालेल्या बासियानीच्या लढाईपर्यंत, इथे निवासाची आणखी पुष्कळ दालनं, संरक्षणाची कामं आणि पाण्याची व्यवस्था उभी राहिली. त्या लढाईसाठी निघालेल्या सैन्याला तामारने वार्दझियाच्या मंदिरातून निरोप दिला, असं जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. सीमेवरचा मठ राज्याच्या दृष्टीने काय होता, ते यावरून कळतं. प्रार्थनेची जागा, धान्याचं कोठार आणि संकटात आसरा, हे सगळं एका कड्यात.

राजकारण बाजूला ठेवलं तरी दरीचा एक रोखठोक फायदा उरतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जमिनीत खड्डा खणायचा तर निघालेली प्रत्येक पाटी वर काढावी लागते. विहीर खणणाऱ्यांना विचारा, निम्मी मेहनत माती वर काढण्यात जाते. नदीने कापून ठेवलेल्या उभ्या कड्यात मात्र आडवं खोदत जायचं आणि दगडाचा चुरा पुढे ढकलून द्यायचा. तो आपोआप दरीत जातो. शिवाय एका बाजूने उजेड आणि वारा मिळतो, खाली पाणी असतं, वर चढायची वाट आपल्या ताब्यात राहते. हजारो वर्षं खपून नदीने जो छेद घेतला, तो खोदणाऱ्यांना फुकट मिळाला.

मऊ दगडाची करणी

आता दगडाकडे येऊ, कारण वार्दझियाचं जन्म-मरण त्याच्यात आहे.

हा प्रदेश ज्वालामुखींचा. सह्याद्रीही ज्वालामुखीतूनच घडला, पण दोन्ही दगडांची जात वेगळी. सह्याद्रीत पातळ लाव्हा दूरदूर पसरला, थिजला आणि त्याचा काळा, कठीण बेसाल्ट झाला. वेरूळच्या कारागिरांनी छिन्नी चालवली ती त्या बेसाल्टवर. वार्दझियाच्या कड्यात मुख्यतः राख आहे. उद्रेकात हवेत उडालेली राख थरावर थर साचत गेली, वरच्या ओझ्याने दाबली गेली, घट्ट झाली. अशा दगडाला टफ म्हणतात. राखेत मोठे टोकदार तुकडेही अडकून राहिले असतील, तर तो थर ब्रेक्सियाचा. कड्याकडे नीट पाहिलं तर हे थर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि दालनांच्या रांगाही बऱ्याच ठिकाणी त्या पट्ट्यांच्या कलाने जातात.

टफमध्ये असंख्य बारीक पोकळ्या असतात. त्यामुळे तो हलका, कोरायला सोपा, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात आतली हवा फारशी बदलू न देणारा. वार्दझिया समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे, हिवाळा चांगलाच कडक असतो. जाड दगडाच्या पोटातली खोली अशा वेळी लाकडी घरापेक्षा उबदार राहते. तरीही हा दगड इतका मऊ नाही, की छत लगेच खाली यावं. कमानीचा आकार दिला तर वरचं वजन तो बाजूंवर उतरवतो.

कातळात खोली कोरण्याची पद्धत जगभर साधारण सारखीच दिसते: आधी छत, मग खाली. वर एक चिंचोळी पोकळी काढायची, छताचा आकार पुरा करायचा आणि पायाखालचा दगड हळूहळू कमी करत जमिनीपर्यंत यायचं. कारागीर कायम घट्ट दगडावर उभा, मचाण बांधायची गरज नाही. बांधकामात आपण नसलेलं आणून उभं करतो, इथे असलेलं काढून टाकतो. त्यामुळे बसायचा ओटा, दिव्याची दिवळी, सामानाचा कोनाडा यातलं काहीच नंतर आणून ठेवलेलं नाही. खोदताना तेवढा दगड सोडला म्हणून ओटा झाला, तेवढा जास्त काढला म्हणून कोनाडा झाला. चुकून एखादा घाव जास्त बसला तर दगड परत चिकटवता येत नाही. कुठल्याही दालनात शिरलात की पहिल्यांदा हे बघा: इथे काय सोडलं आणि काय काढलं?

किती दालनं आहेत? याबाबत प्रवासात कानावर पडणारे आकडे फुगलेले असतात. कुणी हजारो खोल्या सांगतं, कुणी हजारो माणसांचं नगर. प्रत्यक्ष मोजणी अशी आहे: पूर्वेकडच्या भागात आठ थरांमध्ये ७९ स्वतंत्र निवास आणि त्यांच्या मिळून २४२ खोल्या. तिथून घंटाघरापर्यंतच्या भागात आणखी ४० निवास आणि १६५ खोल्या. दोन्हीकडे सहा-सहा छोटी प्रार्थनागृहं. हे आकडेही काही कमी नाहीत. आणि जे भूकंपात गेलं ते यात धरलेलंच नाही.

दगडातला संसार

साधूंचा मठ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जपमाळ आणि मौन येतं. वार्दझियात फिरताना मात्र सारखा आठवत राहतो तो स्वयंपाकघराचा आणि शेताचा रगाडा.

जमिनीकडे बघत चाला. अनेक खोल्यांच्या फरशीत गोल तोंडं दिसतात. ती द्राक्षाच्या मद्याच्या रांजणांची आहेत. अशी २५ कोठारं आणि जमिनीत पुरलेले १८५ रांजण इथे मोजले गेले आहेत. जॉर्जियात या मातीच्या रांजणाला क्वेव्री म्हणतात. तळाशी निमुळता, आतून मेण लावलेला हा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत गाडायचा, त्यात द्राक्षांचा रस सालीबियांसकट भरायचा आणि तोंड बंद करून महिनोन्‌महिने सोडून द्यायचा. भोवतीची जमीन तापमान स्थिर ठेवते, म्हणून रस नासत नाही, संथपणे आंबत जातो. ही पद्धत आजही जॉर्जियातल्या घरोघरी जिवंत आहे आणि २०१३ मध्ये युनेस्कोने तिची अमूर्त वारशात नोंद घेतली. वार्दझियाच्या साधूंना मद्य लागायचं ते ख्रिस्ती उपासनेसाठी, पाहुण्यांसाठी, आणि मठाच्या मिळकतीसाठीसुद्धा. १८५ रांजण भरायला द्राक्षंही तेवढी पिकवावी लागली असणार, म्हणजे दरीच्या उतारावर मळे आले. इथल्या उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेती केली जायची आणि तिला पाटाचं पाणी होतं.

पश्चिमेकडच्या भागात भोजनगृह आहे, त्याला लागून भटारखाना. जमिनीत तंदूरसारख्या गोल भट्ट्या दिसतात. त्यांना तिकडे तोने म्हणतात, आणि भट्टीच्या आतल्या भिंतीवर पाव थापून भाजण्याची रीत आजच्या जॉर्जियन बेकऱ्यांतही तशीच आहे. लोहाराची भट्टीही आहे. एका दालनाच्या भिंतीत ओळीने लहान-लहान खण कोरलेले आहेत. ते औषधालय होतं, असं मानतात. मला स्वतःला हे खण मुख्य मंदिराइतकेच हलवून गेले. कुणीतरी इथे उभं राहून ठरवलं असेल, की या खणात ही मुळी, त्या खणात ती पूड, आणि त्या हिशेबाने भिंत कोरून घेतली असेल.

पाण्याचं काय? नदी खाली वाहते, पण इतक्या उंच कड्यावर रोज घागरी चढवणं शक्य नव्हतं. पिण्याचं पाणी वरच्या अंगाने, झेदा वार्दझिया म्हणजे ‘वरचं वार्दझिया’ या भागाकडून, खापराच्या नळांतून उताराने आणलं होतं. नळांचे आणि पन्हळींचे माग अजून दिसतात. याखेरीज कड्याच्या पोटात, मुख्य मंदिराच्या जवळ, एक झिरप आहे. अंधाऱ्या वाटेने आत गेलं की दगडातून ठिबकणाऱ्या पाण्याचं लहानसं कुंड लागतं. लोक त्याला तामारचे अश्रू म्हणतात. महाराष्ट्रातल्या लेण्यांशेजारी कातळात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या पाहिलेल्या माणसाला इथे ओळख पटल्यासारखं होतं. मात्र आपल्या पोढ्या पावसाळ्याचं पाणी साठवून वर्षभर पुरवतात आणि इथे वाहतं पाणी दुरून वळवून आणलं आहे. हा फरक दोन्हीकडच्या आभाळाचा.

चित्रातली वर्षं

मुख्य मंदिर माता मरियमेच्या महानिद्रेला, म्हणजे तिच्या देहत्यागाच्या प्रसंगाला, वाहिलेलं आहे. लांबी साडेचौदा मीटर, रुंदी आठ मीटरच्या थोडी वर, उंची नऊ मीटरपेक्षा किंचित जास्त. आकडा मोठा वाटत नाही. पण एवढी पोकळी सलग दगडातून काढली आहे हे आठवलं, की मान आपोआप वर जाते. डोंगराच्या पोटात खोल असल्यामुळे भूकंपातही हा गाभा वाचला. कोसळला तो पुढचा कमानींचा भाग. नंतर साम्त्स्खे प्रांताचा सत्ताधीश बेका जाकेली याच्या काळात मंदिराला बळकटी दिली गेली आणि घंटाघर उभारलं गेलं. म्हणजे कड्यावर आज जी बांधीव चिऱ्यांची कमानदार इमारत उठून दिसते, ती भूकंपानंतरची भर आहे. जे कोरलेलं ते जुनं, जे रचलेलं त्यातलं बरंचसं डागडुजीचं, एवढा ठोकताळा इथे फिरताना बहुतेकदा उपयोगी पडतो.

मंदिराच्या आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत: ख्रिस्ताच्या जीवनातले प्रसंग, संत, आणि उत्तरेच्या भिंतीवर हातात मंदिराची प्रतिकृती घेतलेल्या तामारसह राजा गिऑर्गी. चित्रांचा खर्च राती सुरामेली या सरदाराने केला, त्याचंही चित्र आहे. आता यातली खरी गंमत सांगतो. ही चित्रं कधीची, हे अभ्यासकांनी चित्रांतूनच शोधून काढलं.

तामारच्या शेजारी जो लेख आहे, त्यात ‘देव तिला दीर्घायुष्य देवो’ अशा अर्थाचं वाक्य आहे. तिच्या वडिलांच्या नावापुढे असं काही नाही. जिवंत माणसालाच दीर्घायुष्य चिंततात, तेव्हा चित्र काढलं त्या वेळी गिऑर्गी हयात नव्हता. तो वारला ११८४ मध्ये. दुसरा पुरावा पेहरावाचा. विवाहित जॉर्जियन स्त्री डोक्याला आणि गळ्याभोवती जे वस्त्र गुंडाळायची, ते तामारच्या चित्रात नाही. म्हणजे लग्न व्हायचं होतं. तिच्या लग्नाचा काळ माहीत आहे, त्यावरून ही चित्रं ११८४ ते ११८६ या दोन वर्षांतली ठरतात. आठशे वर्षांपूर्वीच्या रंगकामाची तारीख इतकी नेमकी सांगता येणं फार दुर्मीळ आहे. कुठेही साल कोरलेलं नसताना एका शुभेच्छेवरून आणि एका न दाखवलेल्या कापडावरून हे साधलं. मंदिरात गेलात तर घाईने फेरी मारू नका. डोळे अंधाराला सरावू द्या आणि मग उत्तरेची भिंत शोधा.

वार्दझिया या नावाचीही एक गोष्ट सांगतात. छोटी तामार काकाबरोबर शिकारीला आली होती, गुहांमध्ये हरवली, आणि काकाने हाक मारल्यावर आतून आवाज आला, ‘अक वार, द्झिया’, म्हणजे ‘मी इथे आहे, काका’. त्यावरून वार्दझिया. ही लोककथा आहे, व्युत्पत्ती म्हणून तिच्यावर भार टाकू नये. पण जागेचा स्वभाव तिने बरोबर पकडला आहे. आतला माणूस बाहेरून दिसत नाही, आवाज तेवढा येतो.

कडा का कोसळला?

नदी जेव्हा डोंगर कापत खोल जाते, तेव्हा कड्याच्या बाजूचा आधार निघून जातो. आतापर्यंत चारही बाजूंनी दाबून धरलेला दगड त्या मोकळ्या बाजूकडे किंचित सैलावतो. त्यामुळे कड्याला समांतर अशा उभ्या भेगा पडतात, पावाच्या लादीत सुरी आधीच फिरवून ठेवावी तशा. बाहेरून कडा एकसंध दिसतो, पण आत त्याचे उभे काप पडलेले असतात. त्यातच माणसांनी शेकडो पोकळ्या काढल्या. एकेक पोकळी निरुपद्रवी असेल, पण सगळ्या मिळून वजन पेलणारा दगड कमी झाला.

तिसरी गोष्ट पाण्याची. ज्या बारीक पोकळ्यांमुळे टफ कोरायला सोपा जातो, त्याच पोकळ्या पाणी पितात, आणि भिजलेला टफ कोरड्यापेक्षा बराच कमजोर होतो. हिवाळ्यात हेच पाणी गोठतं. पाण्याचं बर्फ होताना ते फुगतं, भेग केसभर रुंदावते, पुढच्या पावसात तिच्यात आणखी पाणी शिरतं. शतकभर हे चाललं की केसभराचं बोटभर होतं.

अशा कड्याला भूकंपाचा धक्का बसला. सपाट जमिनीवर धक्क्याच्या लाटा पुढे निघून जातात. कड्याच्या कडेला त्यांना पुढे जायला दगडच नसतो, तिथे त्या परततात आणि कडेचा भाग जास्त हलतो. भेगांनी आधीच वेगळा झालेला पुढचा काप सुटला आणि दालनांच्या बाहेरच्या खोल्या, जाण्या-येण्याच्या वाटा, संरक्षणाच्या भिंती घेऊन दरीत गेला. आज हवेत संपणारा जिना दिसतो तो यामुळे. तो आठशे वर्षांपूर्वी कुठेतरी पोचत होता.

कधीकधी असं सांगतात, की भूकंपापूर्वी वार्दझिया बाहेरून अजिबात दिसत नव्हतं. मला हे थोडं ताणलेलं वाटतं. मंदिराला कमानींची दर्शनी ओसरी होती, उजेडासाठी झरोके लागणारच. बाहेरून दिसणारं पुष्कळ कमी होतं आणि वर यायच्या वाटा नदीजवळून निघणाऱ्या छुप्या भुयारांतून होत्या, एवढं म्हणणं पुरेसं आहे. भूकंपाने भिंती तर पाडल्याच, पण लपून राहण्याची सोयही संपवली. किल्ल्याची ताकद तटात असते, इथली ताकद न दिसण्यात होती.

तरी मठ लगेच ओस पडला नाही, अडीचशे वर्षांहून जास्त काळ तग धरून होता. १५५१ मध्ये इराणचा शाह तहमास्प याच्या फौजेने इथे आसऱ्याला असलेल्या जॉर्जियनांचा पराभव केला आणि मठ लुटला. त्या मोहिमेची हकिगत इराणी बखरकारानेही नोंदवून ठेवली आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख उस्मानी तुर्कांकडे गेला आणि साधू निघून गेले. १८२९ च्या तहाने तो रशियाकडे आला. सोव्हिएत काळात, १९३८ साली, वार्दझियाला संरक्षित संग्रहालयाचा दर्जा मिळाला आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी इथे पुन्हा मठजीवन सुरू झालं. आज काही साधू राहतात, म्हणून काही दालनांकडे जायची वाट बंद असते. तिथली साखळी किंवा दार ओलांडू नका, पलीकडे कुणाचं तरी घर आहे.

भूकंप १२८३ चा, पण पडझड त्या दिवशी थांबलेली नाही. ओल, गोठण आणि वितळण चालूच आहे, लहान-मोठे दगड सुटत असतात. कड्याचा कोणता भाग किती सरकतो हे समजावं म्हणून इटलीतल्या भूशास्त्रज्ञांनी जॉर्जियन सहकाऱ्यांबरोबर रडार लावून कड्याची मापं घेतली. रडारच्या लहरी कड्यावर आपटून परत येतात, पुन्हा पुन्हा मोजलं की मिलिमीटरभराचा फरकही कळतो. मंदिरातल्या चित्रांच्या जतनावर लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेने तिबिलिसीच्या कला अकादमीबरोबर काम केलं आहे. कडा आणि चित्रं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. चित्राच्या गिलाव्यामागे तोच पाणी पिणारा टफ आहे. भिंत ओली राहिली तर रंगाचा थर आतून सुटतो, आणि तो वरून चिकटवून भागत नाही, डोंगरातलं पाणी वळवावं लागतं. वार्दझिया आणि खेर्त्विसी मिळून युनेस्कोच्या प्राथमिक यादीत आहेत, जागतिक वारसास्थळ म्हणून अजून नाहीत.

फिरताना

उन्हाळ्यात सकाळी लवकर चढा. कडा उघडा आहे, सावली दालनांच्या आतच मिळते. बुटांना पकड हवी, कारण टफच्या पायऱ्या माणसांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत आणि पावसानंतर घसरतात. खांद्यावर मोठी पिशवी नको, पुढे अरुंद वाटा आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका, सगळीकडे कठडे नाहीत. मंदिरात जाताना बायकांनी डोकं झाकायचं आणि स्कर्ट किंवा गुंडाळायचं वस्त्र नेसायचं, पुरुषांनी अर्धी चड्डी घालायची नाही, हा जॉर्जियन चर्चमधला सर्वसाधारण रिवाज इथेही आहे. फोटोसाठी आधी विचारा. प्रार्थना चालू असेल तर चित्रं नंतर बघता येतील.

घाई नसेल तर त्याच दरीत वानिस क्वाबेबी हा दुसरा, वार्दझियाहून जुना गुहामठ आहे, तोही बघा. तिथे गर्दी नसते. कड्याच्या पार वर, शिड्यांनी पोचायचं, असं एक अगदी लहान पांढरं प्रार्थनागृह आहे. त्याच्या भिंतींवर मध्ययुगात इथे राहिलेल्या स्त्रियांनी लिहिलेल्या ओळी आहेत.

वार्दझियातून परतताना मात्र आलात त्या बाहेरच्या वाटेने उतरू नका. मंदिराच्या बाजूने डोंगरात शिरणारं भुयार आहे, त्याने जा. सुरुवातीला चढ, मग उंच-उंच पायऱ्यांचा उतार. डोकं वाकवून, भिंतीला हात लावत जावं लागतं. हाताला छिन्नीचे घाव लागतात, काही जागी दगड गार आणि ओलसर लागतो. इथे ना दरी दिसते ना नदी, पुढच्या माणसाची पाठ आणि पायाखालची पायरी तेवढी दिसते. भूकंपाने बाकी डोंगर उघडा केला, पण हा भाग खोदणाऱ्यांनी सोडला तसाच बंद राहिला आहे. मठातली माणसं आपल्या घरात अशीच चालत असत, आणि खाली उजेडात आलं की नदीचा आवाज पुन्हा ऐकू येतो.